पारखीकाकांचं रेशीम

छत्तीस वर्षं गिरणीत बोटांनी कापड पारखलेल्या माणसाला प्रयोगशाळेने मानाने कामावर घेतलं, तेव्हा त्याची बोटं वारून दोन वर्षं झाली होती. मधुमेहाने गाजावाजा न करता नेली. ही बातमी फक्त बायकोला ठाऊक, कारण पारखीकाका तापलेलं पातेलं फडक्याशिवाय उतरवत.

"खरं काय ते सांगून टाका तिथे," ती म्हणायची.

"सांगतो. मग उद्यापासून दिवसभर तुझ्यासमोर बसतो."

ती विचारात पडायची.

काम बसल्या जागेचं होतं. डोळ्यांवर चष्मा चढवला की समोर रेशमाचा तागा दिसे. हातमोज्याने, मज्जातंतूंची नक्कल करत, बोटांना त्या रेशमाचा भास द्यायचा आणि काकांनी सांगायचं, जमलं की नाही. बोटांना काहीच लागत नसल्याने काका चष्म्याखालून घड्याळ बघून निकाल देत. सकाळी "खरखरतंय", दुपारी "जवळ आलं", चहाच्या सुमाराला "वा, अस्सल!" प्रयोगशाळेतली इंजिनीअर मुलगी ते लिहून घेई आणि यंत्र तिथेच पक्कं करी.

"काका, तुमची बोटं म्हणजे सोनं!"

"सोन्याला तरी कुठे काय कळतं?"

ती खळखळून हसायची.

चार महिन्यांनी नवा पट्टा आला. तो दंडावर बांधायचा. बोटांना न शिवता तिथल्या मज्जातंतूला इशारा दिला की स्पर्श बोटांत उमटणार, असं मुलगी म्हणाली. "रेशीम लावते हं. तुम्हीच पास केलेलं."

आणि काकांच्या बोटांना काहीतरी लागलं. जाड, राठ, दोरा न् दोरा टोचणारं. त्यांनी चष्म्याखालून घड्याळ पाहिलं. 'अस्सल' एवढं म्हटलं की खुर्ची शाबूत होती. पण असल्या मालावर त्यांनी गिरणीत कधी शिक्का मारला नव्हता.

"पोतं आहे हे," ते म्हणाले.

"अहो, चार महिने तुम्हीच अस्सल म्हणताय!"

"चार महिने मला काही लागतच नव्हतं, पोरी. बोटं बधिर आहेत."

तिने वहीकडे पाहिलं, मग काकांकडे. "म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. काका, मला साहेबांना सांगावं लागेल."

"सांग की. सांगायलाच हवं." काकांचा आवाज सपाट होता. तिचा हात बटणाकडे गेला, तसे ते म्हणाले, "एवढ्यात बंद नको करूस."

"पोतं आहे ना पण?"

"असू दे. दोन वर्षांनी बोटांना काही लागतंय."