उमरेडची मिरची

प्राध्यापक अभिजीतचं व्याख्यान नागपुरात धरमपेठेतल्या सभागृहात होतं. विषय होता, वसाहतीनं साम्राज्याला काय दिलं. थोरला भाऊ जागेश्वर आणि मैनावहिनी पहिल्यांदाच त्याला ऐकायला उमरेडहून आले होते. दर खेपेसारखी मिरची आणि तूरडाळीची पोती प्रताप नगरच्या फ्लॅटवर उतरवून मगच सभागृहात पोचले. अभिजीतनं आपल्या वाट्याचं शेत विकून फ्लॅट घेतला, त्याला बरीच वर्षं झाली होती. पोती मात्र यायची थांबली नव्हती.

अभिजीत रंगात आला. इथला कापूस साहेबानं कसा मातीमोल नेला, त्याचंच कापड इथं आणून कसं विकलं आणि विणकरांचे माग कसे बंद पडले, हे त्यानं अशा कळवळ्यानं सांगितलं, की तरुणपणी मागावर बसलेल्या जागेश्वरचे डोळे पाणावले. मैनावहिनी एकटक ऐकत होती.

निघताना अभिजीतच्या बायकोनं, ऋतुजानं, वहिनीच्या हातात तिखटाची दोन देखणी पाकिटं ठेवली. मिरची उमरेडहून आलेल्या पोत्यांतलीच, ती इथं दळून ऋतुजा विकायची. घरचे म्हणून तिनं सवलतीत दिली. वहिनीनं पैसे मोजून दिले.

पुढच्या हंगामात पोतं आलं नाही. अभिजीतनं फोन केला, तर मिरची यंदा बाजारात गेल्याचं कळलं. तो भडकला. आपला जुना फ्रिज त्यांना कुणी दिला, चारचौघांत बोलायचं कसं हे कुणी शिकवलं, आपण नसतो तर ही माणसं कुठं असती, असं तो ऋतुजाला संध्याकाळभर ऐकवत राहिला. रविवारी गाडी काढून तडक उमरेडला गेला.

वहिनीनं आधी चहा दिला.

"तुमीच तं सांगतलं ना भाऊजी," ती शांतपणे म्हणाली. "कच्चा माल फुकट नेते, अन् आपल्यालेच इकते."

"वहिनी, ते इंग्रजांबद्दल होतं."

"अस्सं? मले वाटलं, तुमी आपल्याच घरचं सांगून राहिले."

जागेश्वर अवघडून अंगणात बघत बसला. शेवटी त्यानंच तराजू आणला. अभिजीतनं बाजारभावानं एक पोतं घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा पैसे देऊन.

घरी ऋतुजानं विचारलं, काय ठरलं?

"बरेच दिवस मनात होतं," अभिजीत बूट काढत म्हणाला. "त्यांना त्यांच्या पायावर उभं करून आलो."