घरचा मासा काट्यावर आला

“मासे आहेत का म्हशी? कंबर गेली माझी. पूर्वीचे बरे होते, एका हातात दोन मावायचे.”

आज सकाळी आमच्या बेटावरच्या सगळ्यात मोठ्या बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान, माझ्या तोंडापाशी उभे राहून असं पुटपुटत होते. मासा हुकाला अडकवताना त्यांचा गाल माझ्या काचेला टेकतो, म्हणून जगाला न ऐकवलेल्या कुरकुरी माझ्या वाट्याला येतात. खरं सांगायचं तर ही तक्रार नव्हतीच. लटकलेल्या लाल माशाची शेपटी त्यांच्या गुडघ्याला लागत होती. एवढं हसू दाबायचं म्हणजे माणसाला काहीतरी कुरकुर लागतेच.

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बर्फ फोडायच्या यंत्राशेजारी, लोखंडी तुळईला टांगलेला असतो. गोल पांढरा चेहरा, एक सुई आणि खाली हूक, एवढाच माझा संसार. चेहऱ्यावर गंजाचे डाग पडलेत, पण या वयात ते कुणाला चुकलेत? माझ्या हुकाला पुन्हा असा मासा लागेल, हे मधल्या वाईट वर्षांत कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तो कसा लागला, तेच तुम्हाला सांगायचंय.

माझा जन्म दूरच्या शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथे लांबलचक टेबलाशी एक बाई बसायची. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही स्प्रिंग पुढे जायची नाही. ती स्प्रिंग ओढायची, सोडायची, कानाशी धरायची. स्प्रिंग हट्टी नको आणि रडवीही नको, असं शेजारणीला सांगायची, आणि मग दोघी आपापल्या सुनांवर घसरायच्या. मला तिनं पुनःपुन्हा परत पाठवलं तेव्हा फार राग आला होता. आज वाटतं, तिनं माझे लाड केले असते तर पुढे माझा निभाव लागला नसता.

बेटावर आलो तेव्हा माझा थाट विचारू नका. मासे तर मी तोललेच, पण बेटावर जन्मलेलं प्रत्येक मूलही माझ्याकडे यायचं. हूक घासूनपुसून त्याला स्वच्छ फडक्याची झोळी बांधायची, झोळीत बाळ ठेवायचं, आणि सुई स्थिर होईपर्यंत सगळ्यांनी श्वास धरून बघत राहायचं. आमचे तांडेलही असेच माझ्या गळ्यात पडले होते. इतके हातपाय झाडत होते, की त्यांचं वजन मला धड सांगताच आलं नाही. तेव्हापासून आमचं दोघांचं जरा बेताचंच आहे.

त्या काळात बोटी किनाऱ्याजवळच फिरत. मग दोर गुंडाळायची यंत्रं आली, आणि गळ पार खोल उतरू लागले, उजेड पोचत नाही तिथवर. बेटाच्या बुडाशी, समुद्रात बुडालेल्या डोंगरकड्यांवर, मोठ्या डोळ्यांचा लाल मासा राहतो. तो वर येऊ लागला तशी बेटाची चंगळ झाली. पत्र्याची घरं जाऊन विटांची आली, दारं रंगली, बोटींना नवी इंजिनं लागली. माझ्या स्प्रिंगला उसंत नव्हती. मला वाटायचं, हे सगळं माझ्याच जोरावर चाललंय. गळ्यात वजन पडलं की डोक्यात हवा शिरते, असा काहीतरी आम्हा काट्यांचा स्वभाव असावा.

पुढे मासा लहान होत गेला. आधी हातभर, मग वीतभर. बोटी लांबलांबच्या कड्यांवर जाऊ लागल्या आणि रिकाम्या परतू लागल्या. माझ्या हुकाला माशांऐवजी ओले रेनकोट लटकू लागले. एकानं तर मला त्याच्या पोराची सायकल टांगून ठेवली. मला विचारतंय कोण?

अशा वेळी धक्क्यावर वहिनी आली. म्हणजे ती तांडेलांची वहिनी, त्यांच्या थोरल्या भावाची बायको, आणि म्हणून सगळ्या बेटाचीच वहिनी. वजनाचं काम तिच्याकडे आलं. पहिल्याच दिवशी तिनं रेनकोट त्यांच्या मालकांच्या अंगावर फेकले, मला तेल दिलं, काच पुसली. तिच्याबद्दल मी जरा जास्तच चांगलं बोललो तर समजून घ्या.

त्याच सुमारास मासेमारी खात्याची एक अधिकारीबाई बेटावर आली. तिनं एका माशाच्या कानातलं नखाएवढं हाड काढून कापलं, भिंगाखाली ठेवलं आणि सगळ्यांना बोलावलं. झाडाच्या बुंध्यात असतात तशी त्यात वर्षावर्षाची वर्तुळं होती. हा मासा फार हळू वाढतो, त्याला आई व्हायलाच कित्येक वर्षं लागतात, आणि हा समोरचा तर तांडेलांपेक्षा वयानं मोठा आहे, असं तिनं सांगितलं.

“मग पाया पडू का त्याच्या?” तांडेल म्हणाले. सगळे हसले, बाईसुद्धा.

कुणीतरी म्हणालं, लहान असेल तो परत सोडून देऊ. बाईनं नकारार्थी मान हलवली. इतक्या खोलातून वर ओढला, की त्याचं पोट फुगतं, डोळे बाहेर येतात. परत सोडला तरी बहुतेक वेळा जगत नाही. तेव्हा धरायचाच कमी. खात्याचा विचार कड्यांवरची मासेमारी साफ बंद करण्याचा होता. तसं झालं असतं तर बोटी विकून, घरांना कुलपं लावून निम्मं बेट पलीकडच्या किनाऱ्यावर कामं शोधत फिरलं असतं.

वहिनी उभी राहिली. बंद करू नका, आम्हीच आमची मर्यादा घालून घेतो, असं ती म्हणाली. वर्षाला सगळ्या बोटींनी मिळून ठरावीक वजनाचाच लाल मासा धरायचा. रोज काट्यावर येईल तेवढं फळ्यावर खडूनं मांडायचं. बेरीज भरली, की पुढचं वर्ष लागेपर्यंत गळ गुंडाळायचे. काही वर्षांत मासा वाढला नाही तर खुशाल बंद करा. बेटातर्फे शब्द तिनं दिला, आणि बाईनं तेवढ्या वर्षांची मुदत मान्य केली. तांडेल चिडले. आमच्या घराण्यात बोट मी चालवतो आणि ब्रेक ही दाबते, असं ते धक्काभर सांगत सुटले. पण शब्द गेला तो गेला.

फळा माझ्या शेजारीच टांगला. रोज बेरीज वाढायची. भरली, की वहिनी खडू खाली ठेवायची आणि बोटी मुकाट्यानं किनाऱ्याला लागायच्या. मी ताठ मानेनं सांगतो, माझ्या हुकाला लागलेला एकही मासा फळ्यावरून सुटला नाही. तरीही हुकाला येणारा मासा वीतभरच राहिला. वर्षं सरत चालली तशी वहिनीची झोप उडाली. फळ्यासमोर उभी राहून ती त्याच त्या बेरजा पुन्हा करायची.

आता मित्रांनो, आमच्या बेटाची एक रीत सांगतो. समुद्रावरून आलेल्या बोटीनं एक चांगला मासा बाजूला काढायचा, आणि ज्या घरात समुद्रावर जाणारं कुणी नाही तिथे द्यायचा. जाळी विणणारी एकटी मावशी, पाय अधू झालेला सुतार, तांडेलांपासून वेगळ्या, वहिनीकडे राहणाऱ्या तिच्या म्हाताऱ्या सासूबाई, अशी ती घरं. त्याला म्हणायचं घरचा मासा. आणि द्यायचा मासा तोलायचा नाही, ही बेटाची सभ्यता. प्रेमानं दिलेल्या वस्तूला हुकाला लटकवणं म्हणजे उपकार मोजून दाखवणं. मर्यादा ठरली तेव्हा सगळ्यांनी सगळा हिशेब केला, पण घरचा मासा त्यात धरायचा हे कुणाच्या मनातही आलं नाही. तो काट्याचा मासाच नव्हता ना.

मर्यादेचा पट्टा आवळला तसा घरचा मासा फुगू लागला. एकाची टोपली झाली, टोपलीची गोणी झाली. बेरीज भरून गळ गुंडाळल्यावरही बोटी ‘घरच्यापुरत्या’ जाऊन येऊ लागल्या. बेटावर प्रत्येकाला एकाएकी नातेवाईक फुटले, तेही पलीकडच्या किनाऱ्यावर, हॉटेलांच्या आसपास राहणारे. माझ्यासमोरून ओल्या गोण्या जायच्या आणि नेणारे आभाळाकडे बघत जायचे. वहिनीही बघायची, आणि मान वळवायची. कारण सगळ्यात चांगला मासा तांडेल स्वतःच्या आईला, म्हणजे तिच्याच सासूबाईंना द्यायचे, आणि तो तिच्याच चुलीवर शिजायचा. बोलायचं म्हटलं तर आधी स्वतःच्या ताटाकडे बोट दाखवावं लागलं असतं. जाळीवाल्या मावशीला चोरीचा माल खाणारी म्हणावं लागलं असतं. एवढं कुणाच्यानं होतंय? म्हणून बेटावरच्या गप्पा गोण्यांना वळसा घालून जायच्या. पाणी तापलंय, प्रवाह फिरलाय, परक्या बोटी रात्री येत असतील, आणि सगळ्यात सोपं म्हणजे काटा म्हातारा झालाय.

मुदत संपायच्या दिवशी अधिकारीबाई आली. फळा खरा असेल तर मासा वाढायला हवा होता, तो वाढला नाही, तेव्हा कुठेतरी घोळ आहे, असं ती म्हणाली. शेडमध्ये माणसं दाटीवाटीनं उभी होती. फरशी धुतलेली, होजमधून पाणी ठिबकत होतं, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. बाईनं पेटीतून शिक्क्याची पितळी वजनं काढली आणि एकेक करून मला लटकवली. माझ्या सुईला कापरं भरलं होतं. पण मला कुणी घडवलं होतं हे तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक वजनाला सुई जिथे थांबायला हवी तिथेच थांबली, केसाचाही फरक नाही.

“काटा चोख आहे,” बाई म्हणाली.

आयुष्यात माझी खूप स्तुती झाली, पण अशी कधी नाही. आणि ती ऐकून आनंद झालेला शेडमध्ये मी एकटाच होतो. माझ्यावर ढकलायची सोय गेली होती. वहिनीचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. बाईनं पेटी बंद केली. कड्यांवर बंदी घालायची शिफारस आता करावी लागेल, असं ती हळू आवाजात म्हणाली, आणि तिलाही ते म्हणताना बरं वाटत नव्हतं. तांडेल आपल्या बुटांकडे बघत राहिले.

तेवढ्यात दारातली गर्दी बाजूला झाली. सासूबाई आत आल्या. काठी काखेत, आणि दोन्ही हातांवर आडवा धरलेला लाल मासा. त्या दिवशी पहाटे तांडेलांनीच पोचवलेला. चांगला भरदार होता. असा मासा फळ्यानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्या थेट माझ्यापर्यंत आल्या, टाचा उंचावल्या, हात पुरेना तेव्हा वहिनीनं धावत जाऊन आधार दिला. दोघींनी मिळून मासा हुकाला लावला. माझी सुई झपकन खाली गेली.

वहिनीनं खडू उचलला आणि भरलेल्या बेरजेच्या खाली तो आकडा मांडला.

मग जाळीवाली मावशी उठली. मला एकटीला एवढा कशाला लागतो, असं स्वतःशीच बोलत घरी गेली आणि कालवणासाठी साफ करून ठेवलेला मासा तसाच घेऊन आली. सुतार लंगडत गेला. एकजण म्हणाला, घरी बर्फ संपलाय, म्हणून आणला. दुसरा म्हणाला, सहज, बघावं किती भरतो. गोण्या आल्या, शीतपेट्या आल्या, पलीकडच्या नातेवाइकांसाठी बांधून ठेवलेली खोकी दोरी सोडून आली. एकाही तोंडातून खरं कारण निघत नव्हतं आणि एकही हात थांबत नव्हता. माझी स्प्रिंग करकरू लागली. फळा संपला तशी वहिनी भिंतीवर मांडू लागली. मित्रांनो, चंगळीच्या दिवसांतही मी इतका जड झालो नव्हतो, आणि इतकं हलकंही मला कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवसानंतर घरचा मासा बंद झालेला नाही. आजही तो त्याच घरांत जातो, फक्त माझ्या गळ्यात पडून जातो. बाईनं बेटाला आणखी मुदत मिळवून दिली, खऱ्या बेरजेवर नवी मर्यादा ठरली, आणि तिचं फळ आज तांडेलांच्या कंबरेला जाणवतंय. म्हणून तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. कुणाला काही द्या, हात सैल सोडून द्या. पण जे तुमच्या आधी इथे होतं आणि तुमच्यानंतरही राहायला हवं, त्यातून देताना ते आधी माझ्यासारख्या एखाद्या जुन्या, गंजक्या काट्याला दाखवा. आम्हाला राग येत नाही, आम्ही चुगली करत नाही. फक्त आहे तेवढं सांगतो.

तर त्या दुपारी शेवटची गोणी रिकामी झाली. भिंतीवरची बेरीज बाईच्या डोक्याहून वर गेली होती. तिनं त्या आकड्यांकडे पाहिलं, मग माशांच्या ढिगाकडे, आणि हे सगळं काय आहे, असं विचारलं. कुणी बर्फाकडे बघितलं, कुणी पत्र्याकडे. वहिनीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी तांडेल पुढे आले. त्यांनी आईकडे एकदा बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली.

“बाई, या बेटावर मर्यादा कुणी पाळलीच नाही,” ते म्हणाले. “घरच्याचं नाव सांगून आम्ही धरत राहिलो, आणि सगळ्यांत जास्त मी धरला.”