बाईंचं माप

गल्लीत त्यांना बाई आणि मास्तर म्हणत. नवीन माणसाला वाटे, दोघंही शाळेत शिकवतात. खरं म्हणजे शाळेत फक्त बाई जात, बालवर्गाला. मास्तर होते टेलर मास्तर, आणि घराच्या पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनी टाकून बसलेले असत. शिकवायची हौस मात्र मास्तरांनाच जास्त. पँट आखूड करून घ्यायला आलेल्या माणसालाही आयुष्य कसं जगावं हे सांगितल्याशिवाय ते सोडत नसत.

गेली दोन वर्षं या शिकवणीत एकच धडा चालू होता, आणि तो म्हणजे बायको. "तेवीस किलो!" कापडावर खडूची रेघ ओढता ओढता मास्तर सांगत. "औषध नाही, गोळी नाही. रोज पहाटे चालणं आणि तोंडावर ताबा. विश्वास नसेल तर आमच्या हिला विचारा." बाई आतल्या खोलीतून हे ऐकत, आणि धरणीने पोटात घेतलं तर बरं असं त्यांना होई.

कारण औषध होतं. दर बुधवारी दुपारी मुलं झोपली की बाई शिक्षकांच्या खोलीतला फ्रिज उघडत, दुधाच्या पिशव्यांमागून पेनासारखं दिसणारं इंजेक्शन काढत आणि पोटाला टोचून घेत. त्यांची साखर वाढलेली, गुडघे गेलेले. मुलांत जमिनीवर बसल्या की उठताना दोन पोरांना हात धरून ओढावं लागे. उपाशी राहून, चालून चालून त्यांनी तीनदा वजन उतरवलं होतं आणि तिन्ही वेळा ते सोबत आणखी थोडं घेऊन परत आलं होतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी हे इंजेक्शन सुरू केलं. महिन्याभरात एके सकाळी बाईंनी बशीत अर्धा पाव उरवला, आणि आपल्याला तो नकोय हे लक्षात येऊन त्यांना रडूच आलं. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मास्तरांना त्या दिवशी सांगायचं ठरलं होतं. पण संध्याकाळी एका गिऱ्हाइकाचा विषय निघाला आणि मास्तर म्हणाले, "सुई टोचून बारीक झालाय तो. उसवलेल्या कपड्यावर इस्त्री फिरवली, झालं!" बाईंनी तोंड मिटलं ते मिटलंच.

शिवाय दुसरंही एक कारण होतं, आणि खरं कारण तेच. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली, लेक शिकायला परगावी. मास्तर दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून रिते होत, बाईंचे कान वीस पोरांनी किटत. घरात बोलणं उरलं होतं ते गॅस संपला आणि दूध आणलं का, एवढंच. डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं आणि मास्तर सोबत निघाले. बंद दुकानांच्या रस्त्याने, टपाल कचेरीला वळसा घालून परत. मास्तर आपल्या वडिलांच्या गोष्टी सांगायला लागले, ज्या बाईंनी सव्वीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. बाई पोरांच्या नकला करून दाखवत आणि मास्तर रस्त्यात थांबून पोट धरून हसत. हे सगळं बाईंचं वजन उतरावं म्हणून चाललेलं. ते सुईने उतरतंय असं कळलं, तर हा माणूस उद्यापासून पांघरूण ओढून झोपेल, या धास्तीने बाई गप्प होत्या. त्या चालण्यात त्यांचा जीव अडकला होता.

पण फुकटचं कौतुक पचायला जड जातं. पाच महिन्यांपूर्वी बाईंच्या मनाने घेतलं, की मास्तर जे सांगत सुटलेत ते निदान खरं तरी करून दाखवावं. डॉक्टरीणबाईंना न विचारता त्यांनी इंजेक्शन बंद केलं. शहाणी माणसं वेडेपणा करतात तेव्हा तो असा प्रेमापोटीच करतात, त्याला काय करणार!

भूक परत आली, माहेरी आलेल्या लेकीसारखी, हक्काने. बाई तिच्याशी झुंजल्या. काकड्या खाल्ल्या, पाणी प्यायल्या, चालणं वाढवलं. घरात वजनकाटा नव्हता. "टेप असताना काटा कशाला?" असं मास्तरांचं म्हणणं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते बाईंना मशीनपुढे उभं करत, टेप फिरवत आणि आकडा मोठ्याने पुकारत, गिऱ्हाइकाचा पुकारतात तसा. पाचही महिने कंबर चौतीसच निघाली. शाळेचे चारही ड्रेस अंगावर नीट बसत होते. बाई मनोमन हरखल्या. जमलं की! गुडघे पुन्हा कुरकुरत होते, पण ते फरशी गार असल्यामुळे असेल. एकदा बालवर्गातली एक चिमुरडी "बाई, ओढू का?" म्हणत हात पुढे करून उभी राहिली, तेही बाईंनी हसण्यावारी नेलं.

मग त्या मोठ्या ऐटीत डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि काट्यावर उभ्या राहिल्या. नऊ किलो वाढले होते.

"तुमचा काटा बिघडलाय," बाई म्हणाल्या.

"सकाळपासून अकरा जण उभे राहिलेत त्यावर. त्यांच्यासाठी बरा होता." डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पुढे सरकवला. साखरही चढली होती. बाईंनी खालमानेने सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हे तर आणखी वाईट. "रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला कुणी म्हणतं का, की मनावर घे आणि सोड? तुमची भूक हा तुमचा दोष नाही. इंजेक्शन पुन्हा लहान डोसापासून सुरू करू, आणि बहुतेक ते कायम लागेल. चालणंही सोडायचं नाही, नाहीतर चरबीबरोबर अंगातली ताकदही जाते. दोन्ही हवं. त्यांचं भांडण तुम्हीच लावलंय."

हे पटलं. पण ड्रेसचं कोडं सुटेना. घरी येताच बाईंनी कपाटातला निळा ड्रेस काढून उलटा केला. शिवणीच्या शेजारी जुन्या टिपेची बारीक भोकं ओळीने दिसत होती. त्याच्या अलीकडे आणखी एक ओळ. शिवण उसवून दोनदा बाहेर सरकवली होती. मास्तर प्रत्येक कपड्यात आत दोन बोटं कापड राखतात, ते संपत आलं होतं. चारही ड्रेसची तीच गत.

बाई ड्रेस घेऊन पुढच्या खोलीत आल्या. मास्तर बटणं लावत होते.

"हे काय आहे?"

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "तू आंघोळीला गेलीस की करायचो. एका वेळी एक."

"आणि कंबर चौतीस?"

मास्तरांनी मापाची वही पुढे केली. चौतीस, मग पस्तीस, मग साडेपस्तीस, मग छत्तीस, शेवटी सदतीस. तोंडाने खोटं बोलले होते, पण वहीत खोटं लिहायला हात धजावला नव्हता.

"तीस वर्षांत कुणाला अर्ध्या इंचाचं खोटं सांगितलं नाहीत तुम्ही!"

"गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं," मास्तर म्हणाले.

बाई स्टुलावर बसल्या. आता लपवून काय उपयोग? "मीही खोटी आहे," त्या म्हणाल्या. "तेवीस किलो चालून नाही गेले हो. दोन वर्षं इंजेक्शन घेत होते. शाळेत. पाच महिन्यांपूर्वी सोडलं, म्हणून हे वाढलं. डॉक्टरीणबाईंनी आज पुन्हा सुरू करायला सांगितलंय."

मास्तरांच्या हातातलं बटण खाली पडून गडगडत गेलं. त्यांनी ते उचललं नाही. "सुईवर पोट भरतो मी," ते म्हणाले, "आणि बायकोची सुई मला ठाऊक नाही. साऱ्या गावाला अक्कल शिकवत बसलो की गं मी."

"चिडा माझ्यावर. पण आधी सांगा, कपडे का वाढवलेत? घट्ट झाले असते तर वेळेवर कळलं असतं मला. डॉक्टरांकडे तेव्हाच गेले असते."

मास्तर बोटातलं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायची ती टोपी, काढून फिरवत राहिले. मोठमोठ्या गोष्टी सांगणाऱ्या त्या माणसाला हे एवढंसं सांगता येईना.

"मला वाटलं, वजन वाढलेलं दिसलं तर तू म्हणशील, चालून काही होत नाही. आणि सोडून देशील."

"दिलं असतं सोडून, तर?"

"तर मी बोलायचं कुणाशी?"

बाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. "अहो, इंजेक्शनचं कळलं तर तुम्ही चालायला यायचं बंद कराल, म्हणून लपवलं मी! साखरेचं काय व्हायचं ते होईल, पण तुम्ही यायचे थांबाल, ही भीती दोन वर्षं त्याहून मोठी."

मास्तर उठले, त्यांनी मशीनवर कापड टाकलं आणि भर दुपारी चार वाजता दुकानाचं दार ओढून घेतलं, जे लेकीच्या जन्माच्या दिवशीही त्यांनी संध्याकाळीच ओढलं होतं.

"डॉक्टरांनी कागद दिलाय ना औषधाचा? आण."

"आत्ता?"

"पाच महिने वाया गेले, अजून किती घालवायचे? गुडघे दुखतायत?"

"दुखतायत," बाईंनी पहिल्यांदा कबूल केलं.

"मग सावकाश जाऊ. औषधाचं दुकान जवळच आहे, कोपऱ्यावर."

बाईंनी कागद पर्समध्ये ठेवला आणि चपला घातल्या.

"कोपऱ्यावरचं नको," त्या म्हणाल्या. "लांबचं बघू."