जिन्याचा तुकडा

ताईच्या गाण्यातला सगळ्यात सुंदर तुकडा भूलबाईंनी कापला, तेव्हा ताई हसत होती. हसत होती म्हणूनच कापला, हे मला फार नंतर कळलं.

भूलबाई आमच्या भागातल्या गाण्याच्या मंडळाच्या मुख्य. आधी त्या हॉस्पिटलात ऑपरेशनपूर्वी लोकांना भूल द्यायच्या, निवृत्त झाल्यावर मंडळ काढलं. त्यांचं हे नाव आमच्या तळमजल्यावरच्या पोस्टमन काकांनी ठेवलेलं. ते बाईंना माहीत आहे, आणि आतून आवडतं, असा माझा संशय आहे. पोस्टमन काकांना सगळे टपालकाका म्हणतात. मंडळातला सगळ्यात खालचा आवाज त्यांचा, आणि सगळ्यात जास्त बडबडही त्यांचीच.

मंडळ जमतं पोहण्याच्या तलावामागच्या कपडे बदलायच्या खोलीत. रविवारी दुपारनंतर तलाव बंद असतो आणि तिथल्या गुळगुळीत फरश्यांमुळे साधी शिंकसुद्धा घुमून परत येते. क्लोरीनचा वास, दारं निखळलेले लॉकर, आणि मधोमध एक लांब लाकडी बाक. कुणी स्वतः बांधलेलं गाणं घेऊन सल्ला मागायला आलं की त्याला त्या बाकावर उभं करतात. त्याने एकदा गायचं, मग छाटणी.

छाटणी म्हणजे प्रत्येकाने त्या गाण्यातली एक गोष्ट कापायची, नाहीतर 'राहू दे' म्हणायचं. कौतुक करायचं नाही, भर घालायची नाही, कारण सांगायचं नाही. ज्याचं गाणं त्याने दर वेळी एवढंच म्हणायचं, 'काढलं.' शेवटी जे उरेल ते परत गाऊन दाखवायचं. उरलेलं स्वतःच्या पायावर उभं राहिलं, तर मंडळ ते वार्षिक कार्यक्रमात गातं आणि त्या माणसाला कायमची जागा मिळते. "बाहेर लोक सल्ला देतात," बाई म्हणतात, "आम्ही कात्री लावतो. वेळ वाचतो."

ताई तिथे गेली ती मला सोबत घेऊन. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. फ्रेमच्या मापाला बसेपर्यंत काच फिरत्या चाकाला धरायची, कडेकडेने पीठ पडत राहतं. चाकाच्या आवाजात तिला चाली सुचतात. गाणं कुणाकडे शिकलेली नाही, पण त्या एका गाण्यावर ती कितीतरी महिने बसली होती. गाणं उशिरा घरी येणाऱ्या माणसाबद्दल होतं. त्याच्या मधे एक तुकडा होता, ज्याला शब्दच नव्हते. आवाज पायरी पायरीने चढायचा, थांबून श्वास घ्यायचा, जरासा घसरायचा आणि पुन्हा चढायचा.

तो तुकडा मला जन्मापासून पाठ. आमच्या इमारतीची लिफ्ट चालू असण्यापेक्षा बंदच जास्त. आई बेकरीत रात्रपाळीला, आणि आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. मी लहान असताना जिन्यात भोकाड पसरायचे, मग ताई मला कडेवर घेऊन चढताना दर पायरीला एक सूर लावायची. मजला आला की श्वास. मला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेताना तिचा सूर घसरायचा. ते घसरणं तिने गाण्यात जसंच्या तसं ठेवलं होतं.

बाकावर उभं राहून ती त्या तुकड्यापाशी आली आणि तिचा चेहरा असा उजळला की मीसुद्धा लॉकरला टेकून उगाच हसायला लागले. छाटणी सुरू झाली. दातांच्या डॉक्टरीण मावशींनी सुरुवातीची ओळ काढायला लावली. टपालकाकांनी एक लांबवलेला सूर कापला. बाकीच्यांनी इकडचं तिकडचं. शेवटी बाईंनी चष्मा वर सरकवला.

"मधलं ते चढणं. काढ."

ताईचं तोंड उघडं, जणू कुणी तिला स्वतःचं नाव विसरायला लावलंय.

"काढलं," ती म्हणाली.

उरलेलं तिने गाऊन दाखवलं. ते उभं राहिलं. चांगलं होतं, अगदी व्यवस्थित, इस्त्री केल्यासारखं. मंडळाने ते गायलंही. ताईला दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. आणि त्या दिवसापासून जिन्यात ताई मुक्याने चढायला लागली.

मला वाटलं जाईल महिन्याभरात. गेलं नाही. वर्षं गेली, ताई मंडळात मुरली, नव्या माणसांची गाणी कापू लागली, आणि त्यात तिचा हात बसला. टपालकाका म्हणायचे, "तुझ्या बहिणीला कात्री द्यायची नाही, ती ब्लेडच वापरते."

मधल्या काळात मी मोठी झाले. म्हणजे उंचीने आधीच झाले होते, पण या वर्षी शाळेत प्रार्थनेच्या वेळी मुख्य गाणारी मुलगी आजारी पडली, तर मी न विचारता पुढे जाऊन उभी राहिले, आणि माझा आवाज मागच्या भिंतीवर आपटून माझ्याकडे परत आला. त्यानंतर मला थांबवणं कुणालाच जमलेलं नाही, गणिताच्या सरांनाही. मग मी ठरवलं, गाणं बांधायचं. त्यात ताईचा तुकडा घालायचा. तो मंडळाकडून पास करून घ्यायचा. कार्यक्रमाच्या दिवशी ताईने दुसऱ्या रांगेत उभं राहून तो भरल्या सभागृहात गायचा. मला दुसरं काही नको होतं. मंडळातली जागाही गेली खड्ड्यात.

ताईला काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "गाणं कसं बांधतात गं?"

ती काचा पुसत होती. "बांधू नकोस," म्हणाली. "बांधलं की उकलायला लोक टपलेले असतात."

हा काही सल्ला नव्हे. मी टपालकाकांकडे गेले. ते पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. दिवसभर चालून त्यांचे पाय सुजतात आणि जीभ मोकळी होते.

"काका, छाटणीतून एखादी गोष्ट वाचवायची असेल तर?"

"वाचवायची? आत्ताच सांग कुठली, मी पहिल्यांदा तीच कापतो."

"काका, खरंच."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "हे बघ. मी लांब सूर कापतो, मला दम पुरत नाही. दातवाली सुरुवात कापते, तिला पेशंटने लगेच तोंड उघडलेलं लागतं. आणि भूलबाई गाणं ऐकतच नाहीत."

"मग?"

"तोंड बघतात. आयुष्यभर टेबलावरच्या माणसांची तोंडं बघितली त्यांनी. कुठे दुखतंय, कुठे आवडतंय, सगळं कळतं. जिथे तुझ्या तोंडावर उजेड पडेल, तिथे त्यांचं बोट. तुझी ताई तिथेच फसली. नुसतं हसू फुटलं होतं तिला."

मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. पुढचे कितीतरी दिवस मी दोन गोष्टींचा सराव केला. ताईचा तुकडा मेलेल्या माशासारख्या चेहऱ्याने गाणं. आणि तिसऱ्या कडव्यातली एक टुकार ओळ, जी मी मुद्दाम घातली होती, ती अशी गाणं की जणू माझं लग्न तिच्याशी ठरलंय. सुरुवात डॉक्टरीण मावशींसाठी जाडजूड ठेवली. टपालकाकांसाठी एक सूर उगाच ताणला. म्हणजे प्रत्येकाच्या पानात त्याचा त्याचा घास. मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की झोपेतही हसत असेन.

रविवार आला. बाकावर चढले तेव्हा ताईने भुवया उंचावल्या. तिच्यानंतर कुणाचंच गाणं उभं राहिलं नव्हतं, त्यामुळे मंडळात सगळ्यात शेवटी आलेली अजून तीच, म्हणून तिची पाळी सगळ्यांच्या शेवटी, बाईंच्याही नंतर. मी गाणं घेऊन येणार हे तिला माहीत नव्हतं. मला वाटलं, आत्ता बघ तुला काय आणून देते.

गायले. तुकडा आला. चेहरा दगड. फरश्यांनी तो उचलला आणि सगळ्या खोलीभर जिना उभा केला: चढला, थांबला, घसरला, चढला. मी ताईकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर दगड फुटला असता. तिसऱ्या कडव्यात त्या टुकार ओळीला मी डोळे मिटून विरघळले.

"पहिली ओळ काढ," डॉक्टरीण मावशी म्हणाल्या.

"काढलं."

"तो ताणलेला सूर," टपालकाका म्हणाले, आणि हळूच डोळा मारला.

"काढलं."

मधल्या दोघा-तिघांनी 'राहू दे' म्हटलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या बघतात तेव्हा भूल देताना मोजायला लावतात तसे उलटे आकडे मोजावेसे वाटतात.

"तिसऱ्या कडव्यातली शेवटची ओळ. काढ."

"काढलं," मी जमेल तेवढ्या दुःखाने म्हटलं. आतून मी नाचत होते. फक्त ताई उरली होती.

ताई गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. नखांच्या कडांना काचेचं पांढरं पीठ. ती माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती.

"मधलं ते चढणं," ती म्हणाली. "काढ."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. टपालकाकांनासुद्धा तसंच वाटलं असावं, ते हसायला लागले आणि मधेच थांबले. "अगं, ते बरं होतं की."

"कौतुक करायचं नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी आता ताईच्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली होती, आणि पहिल्यांदाच मला त्या खूश दिसल्या. "तिने काढ म्हटलंय. म्हण."

"ताई," मी म्हटलं, "तुला कळलं ना ते कुठलं आहे?"

"मला न कळायला काय झालं?"

"म्हण," बाई म्हणाल्या.

माझ्या तोंडात तो शब्द आलाच नाही. "नाही काढत."

मंडळात असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. बाईंनी चष्मा काढून पुसला. "मग गाणं घेऊन जा. कार्यक्रमात नाही, इथे नाही. पुढच्या रविवारी तूही नको." मग ताईकडे वळून, "तुला थांबायचं तर थांब."

ताई थांबली. सगळी गाणी होईपर्यंत थांबली. मी बाहेर जाळीला धरून पाणी बघत होते, माणसांविना रिकाम्या तलावाच्या कडेला कुणाची तरी टोपी तरंगत होती. ती बाहेर आली ती बाजाराची पिशवी खांद्याला लावून, जणू नेहमीचा रविवार.

"का?" मी विचारलं.

"कारण सांगायचं नसतं."

"आपण आता रस्त्यावर आहोत."

सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "माझ्या तोंडून तो कुणाला नको होता. तुझ्या तोंडून सगळ्यांनी तो राहू दिला. त्या टपालवाल्यानेसुद्धा. मी दुसऱ्या रांगेत उभी राहून तुझ्या मागे माझाच तुकडा गायचा? लोक तुझं कौतुक करणार आणि मी टाळ्या वाजवायच्या?"

"मी तुझ्यासाठी केलं."

"विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"बघ, कळतं तुला," ताई म्हणाली. "आणि चेहरा काय छान दगड केला होतास. बाईंना फसवलंस. मला नाही."

सिग्नल सुटला. मला इतका राग आला होता की कान गरम झाले. मी तिला तिची सगळ्यात लाडकी वस्तू उचलून आणून दिली होती, आणि तिने ती सगळ्यांसमोर माझ्या हातून खाली पाडली.

इमारतीत लिफ्ट बंद होती. अर्थातच.

मी पुढे झाले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि गायला लागले. तोच तुकडा, मोठ्याने, पूर्ण आवाजात. जिन्यातही घुमतं, कपडे बदलायच्या खोलीपेक्षाही जास्त. मागे ताई जड पिशवी घेऊन चढत होती. तिने पावलं मुद्दाम चुकवायचा प्रयत्न केला. दोन पायऱ्या एकदम घेतल्या, मधेच थांबली. पण तो तुकडा तिच्याच पावलांचा होता, ती चढायला लागली की पाय बरोबर सुरावर पडायचे. मजला आला की मी श्वास घ्यायचे आणि मागून तिचा श्वास ऐकू यायचा. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेताना ती अडखळायची, आणि मी नेमकी तिथे घसरायचे.

"बस कर," ती म्हणाली.

मी आणखी वरच्या सुरात घेतलं.

"बस कर ना गं. पाया पडते."

मी तिच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. वरपर्यंत गात गेले. 

आईने दार उघडलं, रात्रपाळीच्या आधीची अर्धवट झोप डोळ्यांत. "खालपासून ऐकू येत होतं," ती म्हणाली. "किती गोड आहे. कुणाचं गं?"

आईने तो तुकडा कधी ऐकलाच नव्हता. ती रात्री कामावर असायची, आम्ही जिन्यात असायचो. कार्यक्रमात ऐकला असता, पण तोपर्यंत तो कापलेला होता.

ताई दारात उभी होती, छाती वरखाली होत होती, बोलायला दम नव्हता. ती माझ्याकडे बघत होती. खरं तर मी नुसतं थांबायला हवं होतं, दम आला की तिनेच सांगितलं असतं. पण मी आधी बोलले.

"माझं," मी म्हटलं.

"तू बांधलंस?"

"हो."

आईने माझे गाल हातात धरले. तिच्या तळव्यांना पिठाचा वास होता. तिच्या खांद्यावरून मला ताई दिसत होती. तिने पिशवी खाली ठेवली, भिंतीला हात टेकून चपला पायातून सोडवल्या.

"काढलं," ताई म्हणाली.

इतकं हळू, की आईला ऐकू गेलं नाही.