धुराड्याचं कर्ज

रंभाबेन गेल्याचं गल्लीत कळलं ते सकाळी भट्टी पेटली नाही म्हणून. जामनगरच्या त्या गल्लीत घरोघरी पितळ ओततात, आणि त्यांच्या नवऱ्याच्या, वलमजीभाईंच्या, भट्टीचा पांढरा धूर सगळ्यांच्या आधी दारोदार फिरायचा. त्या दिवशी फिरला नाही. शेजारचे नरशीभाई दात घासत घासत बघायला आले आणि ब्रश हातात धरून तसेच ओट्यावर बसून राहिले.

डॉक्टरांनी छातीचं नाव घेतलं. लग्न होऊन आल्यापासून रंभाबेन भट्टीशेजारी बसून भंगार निवडायच्या. तोट्या एकीकडे, कुलपं एकीकडे. भट्टीवर धुराडं बसवा, एवढंच त्या मागत होत्या.

त्यासाठीच वलमजीभाईंनी बँकेत अर्ज केला होता. बाईच्या नावावर धंदा असला की व्याज कमी, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांसारखा त्यांनीही कारखाना बायकोच्या नावावर केला. बँकेच्या लेखी त्या गल्लीत एकही पुरुष धंदा करत नव्हता. बँकेने तारण मागितलं. वलमजीभाई म्हणाले, भट्टी घ्या. बँकेचा माणूस भट्टी बघून गेला आणि निरोप आला की धुराडं नसलेली भट्टी तारण म्हणून चालत नाही.

बेसणं, म्हणजे दुखवट्याची बैठक, अंगणात होतं. पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, पाटावर रंभाबेनचा फोटो, त्याला चंदनाचा हार. धड असा त्यांचा हा एकच फोटो होता, कर्जाच्या अर्जासाठी काढलेला. 'हसू नका, बँकेत द्यायचाय,' असं फोटोवाल्याने दटावल्यामुळे त्या रागावल्यासारख्या दिसत होत्या.

माणसं येत होती, हात जोडून जरा वेळ बसत होती, उठत होती. त्यांत बँकेचे दवेसाहेब आले. साहेब घरी आले म्हणून वलमजीभाईंना भरून आलं.

फोटोकडे बघून साहेब म्हणाले, "अरेरे! या बेन तर आमच्या फाईलवर आहेत." मग खाली बसून हळूच म्हणाले, "वलमजीभाई, कर्ज मंजूर झालंय. मी त्यांची सही घ्यायला निघालो होतो."

"आणि तारण?"

"नको. वरून हुकूम आलाय, मार्चच्या आत बायकांना विनातारण वाटा."

"मग द्या ना, साहेब. धुराडं तर लागणारच आहे."

"देऊ कोणाला? तुम्ही पुरुष पडलात."

"सून आहे ना. हंसा."

"तिला धंद्याचा तीन वर्षांचा अनुभव लागेल."

"आजपासून भट्टीशी बसवतो. तीन वर्षांनी छाती शिल्लक असली तर घेऊन येतो."

साहेबांनी डोकं खाजवलं. "घरात आणखी कोणी बाईमाणूस?"

"म्हैस आहे," नरशीभाई मागून म्हणाले. दोघा-तिघांनी रुमालात तोंड लपवलं.

साहेब मात्र हसले नाहीत. "दुभती आहे? मग दुसरी घ्या की! आमचा म्हशींचा आकडा अजून भरायचाय. उद्या या, संध्याकाळी पैसे खात्यात."

"त्या पैशात धुराडं बसवलं तर?"

"मी पाहणीला येणार, वलमजीभाई. मला म्हैस दिसली पाहिजे."

वलमजीभाईंनी फोटोकडे बघितलं. फोटोवाल्याने तिला उगीच दटावलं असं त्यांना इतके दिवस वाटायचं. आता वाटेना.

बारावं झालं आणि भट्टी पेटवावीच लागली. तोट्यांचं काम अडून होतं. रंभाबेनच्या जागी हंसा बसली, नाकाला पदर बांधून.

"बेटा, जरा लांब बस."

"लांबून भंगार ओळखू येत नाही, बापुजी."

अंगणात आता दोन म्हशी आहेत. दूध विकून धुराड्याचे पैसे जमवायचे असं ठरलंय. दवेसाहेब पाहणी करून गेले, नव्या म्हशीसोबत त्यांनी फोटोही काढून घेतला. म्हशीला मात्र त्यांनी हसू नको असं सांगितलं नाही. धूर अंगणात उतरला की तीही खोकते.

भट्टीवर धुराडं अजून बसलेलं नाही.