वजनकाट्यावर बिडाचा तवा

त्या शॅनाला वागायची रीत कुणी शिकवलीच नव्हती. मी सत्त्याहत्तर वर्षांची, पाच पोरं वाढवलेली, आणि ही कालची नर्स टॅबलेटच्या पडद्यावरून मला नुसतं "ओलेटा" म्हणायची. काकू नाही, बाई नाही. बोलताना डोळे माझ्याकडे नाहीत, आकड्यांकडे. वर तोंडात च्युइंगगम.

वर्लिनचं, माझ्या नवऱ्याचं, हृदय थकलं होतं. इस्पितळानं त्याला घरी सोडलं ते सामानासकट. एक वजनकाटा, दंडाला बांधायचा रक्तदाबाचा आणि नाडीचा पट्टा आणि तो टॅबलेट. रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं, पट्टा बांधायचा. आकडे आपोआप साठ मैलांवर शॅनापुढे जायचे. वजन एकदम वाढलं की अंगात पाणी साचलं समजायचं.

"ओलेटा, दोन दिवसांत तीन पौंड वाढलेत. काय खायला घातलंस?"

"घातलं खायला. उपाशी ठेवायला मी काय इस्पितळ आहे?"

"ते हॅम बंद कर. मीठ मारेल त्याला. आणखी वाढलं तर भरती करावं लागेल."

माझं हॅम बंद कर म्हणे! आमच्या केंटकीच्या डोंगरात मेच्या शेवटच्या रविवारी सगळं गोत कबरस्तानाच्या टेकडीवर जमतं. थडगी साफ करायची, फुलं वाहायची, तिथंच टेबलं मांडून जेवायचं. चाळीस वर्षं त्या टेबलावर मिठात मुरवलेलं डुकराच्या मांडीचं हॅम माझंच. आणि आमचा थोरला एल्डन तिथं निजलाय.

"म्हातारे," वर्लिन म्हणाला, "यंदा एल्डनला भेटू दे. मग ने कुठं न्यायचं तिथं."

गुरुवारी काट्यावर मीच चढले. आकडा कमी पडला, तेव्हा बिडाचा तवा हातात घेतला. बरोब्बर वर्लिन! पट्टाही माझ्याच दंडाला. शुक्रवारी, शनिवारीही तेच.

"बायकोबरोबर तवाही पाठवलास की शॅनाला," वर्लिन हसला आणि हसता हसता खोकत सुटला. तो खोकला मी ऐकला. त्याचे घोटे सुजून बुटात पाय जाईना, तेही पाहिलं. बुटांच्या नाड्या तेवढ्या सैल सोडल्या.

शनिवारी टॅबलेटवर शॅनाचा फोन.

"ओलेटा, वर्लिनची नाडी कायम अडखळते. तीन दिवस एकदम सरळ चाललीय. पट्टा कुणी बांधला?"

"देवानं बरं केलं त्याला."

"त्याला समोर आण."

"झोपलाय. उद्या टेकडीवर जायचंय, दमेल तो."

आणि मी टॅबलेट उशीच्या खोळीत कोंबला. दिवसभर आतून घणघणत होता.

रविवारी वर्लिननं हॅमचा आणखी एक तुकडा मागितला. मी दिला. मग तो एल्डनला फुलं ठेवायला वाकला, तो तिथंच कलंडला. ओठ निळे. मी मदतीला हाका मारायला तोंड उघडलं, तर पायथ्याशी भोंगा वाजतच होता. सकाळी आकडे आले नाहीत, फोन कुणी घेईना. टेकडीचं मी बोलून गेले होते, तेवढ्यावरून शॅनानं रुग्णवाहिका धाडली होती.

वर्लिन वाचला. पण टेकडी पुन्हा चढणार नाही, डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी शॅना इस्पितळात त्याच्या खाटेशी आली. पडद्याबाहेर ती केवढीशी दिसली! वर्लिन नळ्यांमध्ये झोपला होता. या वेळी तिचे डोळे माझ्याकडेच होते.

"ओलेटा, ते आकडे कुणाचे होते? मला नोंद करायचीय."

मी सगळं सांगितलं, तव्यासकट. ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

"तुला रीत नाही पोरी, हे मी आजही म्हणेन," मी म्हटलं. "पण माझ्या नवऱ्याची नाडी साठ मैलांवरून तू ओळखलीस. मी पंचावन्न वर्षं तिच्याशेजारी निजले, आणि खोटी पाठवली. मीठ नव्हे, मी मारत होते त्याला. लिही, तसंच लिही."