अर्धी मात्रा

गिरिजाबाई पहाटे गेली आणि सकाळी सात वाजता रखमाजीनं खुंटीवरचा पखवाज खाली काढला. एवढ्यावरूनच घरात बोंब उठली.

"बाबा, कुठं चालले?" आदिनाथ दारात आडवा आला. पोराचं वय चौतीस, हातात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये अख्खं गाव.

"गिरिजाला पोचवायला."

"पोचवायला जा की. हे कशाला सोबत? लोक व्हिडिओ काढून टाकतेत. आपल्या लोकात नाक राह्यचं न्हाई."

"नाक तुझं हाये, आदिनाथ. हात माझे हायेत. सरक."

पोरगं सरकलं, पण तोंड बंद झालं नाही. चुलीपाशी रखमाजीची बायको साळूबाई कणीक मळत होती. तीन आठवड्यांपूर्वी वडीगोद्रीच्या स्टँडवर गिरिजाबाईनं तिचा हात धरला होता. गिरिजाबाई जालन्याच्या दवाखान्यातून येत होती, अंगावर नुसती हाडं. म्हणाली, "भाऊजींना सांगा, माझ्या मयतीला तरी दोघं मिळून वाजवा. बाकी काही मागत न्हाई." साळूबाईनं तो निरोप घरी जसाच्या तसा सांगितला होता. त्या दिवसापासून रखमाजीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. भागवत गाणार आणि आपण वाजवणार, एकदा, शेवटचं, तिच्यासाठी.

भागवत म्हणजे गिरिजाबाईचा नवरा. भागवत धनगर, रखमाजी मराठा. गावात पूर्वी जात नव्हती असं जो सांगतो तो साफ खोटं बोलतो. जात होतीच. फक्त एकादशीला मारुतीच्या देवळात भजन बसलं की ती बाहेर चपलांपाशी थांबायची. चाळीस वर्षं भागवत गायला आणि चाळीस वर्षं रखमाजीनं त्याला साथ केली. जांब समर्थाच्या उत्सवात दोघांना मानानं बोलावणं यायचं, पार भोकरदनचे लोक गाडी पाठवायचे.

मग आरक्षणाचे मांडव पडले. एक ह्यांचा, एक त्यांचा. ह्यांच्या दुकानात पाय ठेवायचा नाही, त्यांच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही. पुढारी आले, घसा कोरडा करून गेले. त्यांच्या गाड्यांचा धुरळा खाली बसला, पण गावाच्या रस्त्याच्या दोन बाजू झाल्या त्या झाल्याच. भजनी मंडळही फाटलं. टाळ होते बारा, सहा-सहा झाले. पेटी भागवतच्या बाजूला गेली, पखवाज रखमाजीकडं राहिला. गळा एकीकडं आणि हात दुसरीकडं. दुष्मनसुद्धा अशी वाटणी करत नाही.

आणि ह्या दोघांना कुणी दोरीनं बांधलं नव्हतं, हेही खरं. दोघं भ्याले. आपापल्या माणसांना भ्याले. दीड वर्षं रखमाजी गोठ्यात म्हशीपुढं वाजवत बसला. साळूबाई म्हणायची, "बास करा, म्हस दूध चोरून राह्यली."

रस्ता ओलांडताना रखमाजीच्या पाठीत नजरा टोचत होत्या. पलीकडं गेल्यावर छातीत टोचायला लागल्या.

"या पाटील," ओट्यावरून कुणीतरी खोचकपणे म्हणालं. "आमचं मरण तरी आमच्यापाशी राहू द्या म्हणलं. तेबी पाह्यजे काय तुमाला?"

"ए, गप," आतून भागवतचा आवाज आला. "येऊ द्या दादाला."

भागवत भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे कोरडे. दोघांची नजर भिडली आणि दोघांनीही ती जल्दी काढून घेतली. रखमाजी ओट्याच्या कडेला बसला, मांडीवर पखवाज घेतला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं उजवा हात घराच्या दाराकडं पसरून म्हणाला, "आन बाई, कणीक."

बायांचं रडणं थांबलं.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही, नुसता डब्यासारखा वाजतो. रखमाजी घरून कधी कणीक घेऊन निघालाच नव्हता. भजनाला जाताना वाटेत ह्या दारापाशी थांबायचं आणि गिरिजाबाईनं लिंबाएवढा गोळा हातावर ठेवायचा, हाच चाळीस वर्षांचा रिवाज. आज ती अंगणात तिरडीवर होती. आणि मयताच्या घरात चूल पेटत नाही, तिथं कणीक कोण मळणार?

पसरलेला हात रखमाजीला मागं घेता येईना. आत एक बाई हुंदका देऊन जास्तच मोठ्यानं रडायला लागली. भागवतचा पोरगा अंगद जवळ आला. पोरगं गुणी, बोलणं सरळ. "काका, राहू द्या. आपल्याकडं स्पीकर हाये. मोबाईलवर तालाचं ॲप हाये, आण्णा आता त्याच्यावरच गातेत."

तेवढ्यात रस्त्यावरची माणसं बाजूला झाली. डोईवर पदर घेऊन साळूबाई येत होती. दीड वर्षात ह्या बाजूला तिचा पाय पडला नव्हता. कुणाकडं न बघता ती आली, मुठीतला कणकेचा गोळा नवऱ्याच्या हातावर ठेवला आणि बायांत जाऊन बसली.

तिरडी उचलली. पुढं स्पीकरवर कुठलंतरी भजन ठणाणा करत होतं, मागं रखमाजी गळ्यात पखवाज अडकवून चालत होता. गावाबाहेरच्या चिंचेखाली विसाव्याला तिरडी खाली टेकवली. भागवतनं हात वर केला. "अंगद, बंद कर ते." मग रखमाजीकडं न बघता म्हणाला, "दादा, तिचा अभंग म्हणू."

रखमाजीनं डाव्या तोंडावर हात टाकला. पखवाज घुमला. भागवतनं सूर लावला, आणि सूर तसाच होता, भरलेला, तापलेल्या मातीसारखा. रखमाजीला वाटलं, जमलं, गिरिजे, जमलं.

दुसऱ्या ओळीला गाडं अडलं. भागवतचा दम पहिल्यापासून कमी. ओळीच्या मध्यात त्याला श्वास घ्यावा लागायचा आणि तेवढ्यात रखमाजी अर्धी मात्रा थांबायचा. हे दोघांनी कधी बोलून ठरवलं नव्हतं. ऐकणाऱ्याला कळतही नसे, उलट लोक म्हणायचे, काय झुलतो ह्यांचा अभंग! आज त्या जागेवर रखमाजी थांबला. भागवत थांबला नाही. दीड वर्षात त्यानं श्वास तोडून, शब्द खाऊन पुढं पळायला शिकून घेतलं होतं, कारण मोबाईल कुणासाठी थांबत नाही. शब्द पुढं गेला, थाप मागं राहिली. रखमाजीनं धावत गाठलं, तर पुढच्या ओळीला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भागवत मध्येच थांबला.

"दादा, तुमचं चुकून राह्यलं."

चाळीस वर्षांत हे वाक्य रखमाजीला कुणी ऐकवलं नव्हतं. सगळी माणसं बघत होती. त्याला सांगता आलं असतं की चुकलं कुणाचं. पण समोर गिरिजाबाई होती, ऊन चढत होतं, आणि बायको गेलेल्या माणसाला ताल शिकवायची ही जागा नव्हती.

"व्हय," तो म्हणाला. "माझंच चुकलं. हात बसला न्हाई ना बरेच दिवस." मग अंगदकडं वळला. "तुझं ते लाव रे."

अंगदनं लावलं. टक-धा, टक-धा, शिवणयंत्रासारखं. रखमाजीनं भागवतकडं बघणं सोडलं, कान त्या डबीला लावला आणि हात तिच्यामागं सोडले. आता भागवत कुठं श्वास घेतो, घेतो की नाही, ह्याच्याशी त्याला काही घेणं नव्हतं. अभंग बिलकुल बराबर झाला. पहिल्यापासून शेवटपर्यंत एक थाप इकडची तिकडं नाही. लोकांनी डोळे पुसले. म्हातारे एकमेकांना म्हणाले, बघा, अजून तसंच जमतंय.

भागवतनंही डोळे पुसले. जवळ येऊन रखमाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं, दादा. तिचं झालं."

"झालं," रखमाजी म्हणाला.

माणसं तिरडीला हात लावायला वाकली. अंगद स्पीकर उचलता उचलता रखमाजीच्या कानाशी आला. पोराच्या मनात वाकडं काहीच नव्हतं. "काका, दहाव्याला याल ना? आणि तिकडून कुणी अडवलं, न्हाई जमलं, तर टेन्शन घेऊ नका. हे हाये आपल्यापाशी."

"हाये ना?" रखमाजी म्हणाला. "मंग झालं."

सगळे पुढं निघाले. त्यानं चिंचेखाली बसून पखवाजाची कणीक नखानं खरवडून काढली, हात धोतराला पुसले, आणि लोक दूर गेल्यावर त्यांच्या मागून मसणवाट धरली.